वृत्तवाहिनीने बाईट तोडून दाखवला? टिकेल अशी तक्रार कशी करायची

वाहिनीने एखाद्याचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं (म्हणजे बाईट) अर्धवट दाखवून अर्थाचा अनर्थ केला, की लोक चिडतात. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते, एक्सवर वाहिनीला टॅग करून चार शब्द सुनावले जातात आणि महिन्याभराने कुणीतरी थेट मंत्रालयाला पत्र लिहितं. यातून हाती काही लागत नाही. पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे आणि पत्र जातं तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

दुसरी चूक मजकुरातली. ‘ही वाहिनी अमुक पक्षाला विकली गेली आहे’ हे वाक्य कुठल्याही व्यासपीठावर सिद्ध होत नाही. ‘रात्री ८ वाजून १४ मिनिटांनी दाखवलेल्या बाईटमधलं दुसरं वाक्य काढलं आणि त्यामुळे अर्थ उलटा झाला’ हे सिद्ध करता येतं. पुढचा सगळा लेख या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पुरावा हातात नसताना लिहायला बसलं की मजकूर संतापाचा होतो आणि वाहिनीला दोन ओळींत झटकता येतो.

पायरी १ : पहिल्या तासात नोंद आणि रेकॉर्डिंग

कार्यक्रम चालू असतानाच कागदावर इतकं टिपा: वाहिनी, कार्यक्रमाचं नाव, तारीख, घड्याळातली वेळ (मिनिटासकट), अँकरचं नाव, खाली चाललेल्या पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे. पट्टी दर काही सेकंदांनी बदलते आणि वाद पुष्कळदा तिच्यावरच असतो, म्हणून टीव्हीचा फोटो काढा. सेटटॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर लगेच चालू करा. नसेल तर मोबाइल आडवा धरून टीव्हीचं चित्रीकरण करा. वाहिनीचा लोगो आणि पडद्यावरची वेळ चौकटीत आली पाहिजे.

तोच भाग वाहिनीच्या यूट्यूबवर आला असेल तर लिंक, शीर्षक, थंबनेल आणि अपलोडची तारीख जपून ठेवा आणि स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. नुसत्या लिंकवर विसंबू नका. बोंब झाली की व्हिडिओ खासगी केला जातो, नाहीतर शीर्षक गुपचूप बदलतं.

वाहिन्यांना प्रसारित मजकूर ९० दिवस जपून ठेवावा लागतो. त्यामुळे तुमची नोंद पक्की असेल तर ‘असं काही दाखवलंच नाही’ म्हणायला त्यांना जागा उरत नाही.

*थांबा आणि तपासा:* तुमच्याकडची क्लिप वाहिनीने खरंच दाखवली होती का? फॉरवर्ड होऊन आलेल्या क्लिपवरचा लोगो कुणीही चिकटवू शकतो. वाहिनीच्या स्वतःच्या यूट्यूब किंवा संकेतस्थळावर तो भाग सापडत नसेल आणि तुम्ही स्वतः तो टीव्हीवर पाहिलेला नसेल, तर तक्रार करू नका.

पायरी २ : मूळ, न कापलेलं चित्रण शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मूळ चित्रण नसेल तर तुमची तक्रार म्हणजे निव्वळ संशय.

भाषण सभेतलं असेल तर त्या पक्षाच्या आणि नेत्याच्या यूट्यूबवर संपूर्ण सभा बहुतेक वेळा असते. संसदेतलं असेल तर संसद टीव्हीचं चित्रण आणि सभागृहाच्या संकेतस्थळावरचा लेखी वृत्तान्त पाहा. पत्रकार परिषद असेल तर वृत्तसंस्थांनी आणि इतर वाहिन्यांनी केलेलं थेट प्रक्षेपण शोधा.

विधानभवनाच्या पायऱ्यांवर किंवा गाडीत बसता बसता दिलेला बाईट असेल, तर नेत्याच्या तोंडासमोरच्या माइकच्या दांड्या नीट बघा. प्रत्येक दांडीवर वाहिनीचा ठोकळा असतो. तेच बोलणं आणखी कुणाकुणाकडे रेकॉर्ड झालंय, याची ती आयती यादी आहे. त्या वाहिन्यांचे त्या तासाभरातले व्हिडिओ चाळले, की कुणीतरी तोच बाईट पूर्ण लावलेला सापडतो. दोन वेगवेगळ्या वाहिन्यांकडचं चित्रण मिळालं तर फारच चांगलं. मग मूळ चित्रणच बनावट आहे असा आक्षेप उरत नाही.

दृश्य जुनं किंवा भलत्याच ठिकाणचं आहे असं वाटत असेल, तर त्यातल्या स्थिर चौकटी काढून गुगल लेन्सवर शोधा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटची सुरुवातीची अक्षरं, पोलिसांच्या गणवेशातला फरक आणि ऋतू यांवरून ठिकाण आणि काळ बऱ्यापैकी कळतो.

पायरी ३ : कात्री नेमकी कुठे लागली ते ओळखा

वाहिनीवरचं चित्रण इअरफोन लावून ऐका. मागचा गोंगाट अचानक तुटतो का? श्वास अर्ध्यावर कापला गेलाय का? बोलणाऱ्याचा चेहरा सोडून मध्येच गर्दी, हात किंवा कागद दाखवलाय का? अशा दृश्याखाली आवाजाचे दोन तुकडे बेमालूम जोडता येतात. ही खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा मूळ चित्रणाशी ताडून पाहिल्यावरच मिळतो.

कापाकापीचे प्रकार ओळखीचे आहेत. तुमचा प्रकार कोणता ते ठरवा, कारण तक्रारीची भाषा त्यावर अवलंबून असते.

वाक्य अर्ध्यावर तोडणं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे हे फार सोपं जातं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मंत्री म्हणतात: ‘कर्जमाफी देणार नाही, असं आमच्यापैकी कुणीही म्हटलेलं नाही.’ वाहिनीवर पहिले तीनच शब्द येतात आणि पट्टी येते, ‘कर्जमाफीला सरकारचा ठेंगा’. प्रत्येक शब्द खरा, बातमी खोटी.

दोन ठिकाणचे तुकडे जोडणं. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचं ६ जानेवारी २०२१ चं भाषण असं दाखवलं गेलं, की आपण कॅपिटॉलकडे (अमेरिकी संसदेच्या इमारतीकडे) चालत जाऊ आणि जिवाच्या आकांताने लढू, असं ते एका दमात म्हणाल्यासारखं वाटावं. मूळ भाषणात या दोन वाक्यांमध्ये ५० मिनिटांहून जास्त अंतर होतं आणि चालत जाण्याच्या वाक्यापुढे आपल्या खासदारांना प्रोत्साहन देण्याची भाषा होती. हे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले, बीबीसीने माफी मागितली. ट्रम्प यांच्याबद्दल तुमचं मत काहीही असो, तुकडे जोडणं चूकच होतं. तुमच्या नावडत्या नेत्याच्या बाबतीतही हाच नियम लावा.

उत्तर खरं, प्रसंग भलता. याला जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो आणि लोकांना तो सिद्ध करता येत नाही. २४ जून २०२२ रोजी केरळात वायनाडमधल्या राहुल गांधींच्या कार्यालयाची एसएफआय या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. २८ जूनला राजस्थानात उदयपूरमध्ये कन्हैयालाल या शिंप्याची हत्या झाली. १ जुलैला राहुल गांधी वायनाडला गेले आणि कार्यालय फोडणाऱ्यांबद्दल म्हणाले की ती मुलं आहेत, बेजबाबदारपणे वागली, माझ्या मनात राग नाही. त्याच रात्री झी न्यूजवर हे वाक्य उदयपूरच्या मारेकऱ्यांबद्दल असल्यासारखं दाखवलं गेलं. यात शब्द कापलेले नव्हते, आवाज बदललेला नव्हता. फक्त बाईटच्या आधी दुसरी बातमी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वाहिनीने चूक मान्य करून माफी मागितली, पण तोवर क्लिप राजकीय खात्यांवरून सगळीकडे पोहोचली होती.

असा प्रकार सिद्ध करायचा तर बाईट पुरेसा नाही. त्याच्या आधी अँकर काय म्हणाला, पडद्यावर कोणतं दृश्य होतं, पट्टी काय होती आणि मूळ ठिकाणी पत्रकाराने प्रश्न काय विचारला होता, या चारही गोष्टी लिहाव्या लागतात. लोक फक्त बाईटचे शब्द उतरवतात आणि वाहिनी उत्तर देते, ‘आम्ही त्यांचेच शब्द दाखवले.’

जुनं दृश्य ताजं म्हणून दाखवणं. पडद्यावर ‘फाइल फूटेज’ असं लिहिलं होतं का ते पाहा. कोपऱ्यात दोन सेकंद बारीक अक्षरांत लिहिलं असेल तर तेही प्रामाणिकपणे नोंदवा.

चित्रणातच फेरफार. फेब्रुवारी २०१६ मध्ये जेएनयूच्या प्रकरणात दिल्ली सरकारच्या चौकशीसाठी हैदराबादच्या प्रयोगशाळेने सात क्लिप तपासल्या. त्यातल्या दोन फेरफार केलेल्या निघाल्या. असं काही वाटलं तर ‘बनावट आहे’ असा ठाम दावा करू नका, ते काम न्यायवैद्यक तज्ज्ञांचं आहे. तुम्ही फक्त फरक दाखवा.

चर्चेतला पक्षपात. ‘अँकरने बोलू दिलं नाही’ हे लिहून काही होत नाही. स्टॉपवॉच घ्या. प्रत्येक पाहुण्याला किती मिनिटं मिळाली, किती वेळा मध्येच तोडलं, कुणाचा माइक बंद केला, कोणते प्रश्न आरोप गृहीत धरून विचारले, याची वेळेसकट यादी करा.

पायरी ४ : ही दिशाभूल आहे की मतभेद?

प्रत्येक बातमी कापलेलीच असते. चाळीस मिनिटांच्या भाषणातून वीस सेकंद निवडणं हे संपादकाचं कामच आहे. अँकरने मत मांडणं, सरकारची किंवा विरोधकांची बाजू घेणं, एखादी बातमी न दाखवणं हे तुम्हाला रुचणार नाही, पण त्यावर तक्रार टिकणं अवघड आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: कापलेला भाग परत जोडला, तर साध्या प्रेक्षकाची समजूत बदलेल का? बदलत असेल तर पुढे जा. मग मूळ आणि प्रसारित अशा दोन्ही क्लिप विरुद्ध राजकीय मताच्या माणसाला दाखवा. त्यालाही फरक पटला तर तक्रार भक्कम आहे. पटला नाही तर का नाही ते ऐकून घ्या. वाहिनीचा वकील तोच मुद्दा काढणार आहे.

पायरी ५ : दोन रकान्यांचा तक्ता

डावीकडे मूळ बोलणं, उजवीकडे प्रसारित बोलणं. दोन्हींत वेळ लिहा. गाळलेले शब्द ठळक करा. ‘अं’, ‘म्हणजे’ सकट शब्दशः उतरवा, स्वतःच्या भाषेत सुधारू नका. मराठी वाहिनीबद्दलची तक्रार दिल्लीतल्या व्यासपीठापर्यंत जाऊ शकते, म्हणून त्याच तक्त्याखाली इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. हा तक्ता एका पानात बसला पाहिजे. वाचणाऱ्याने व्हिडिओ न उघडताही मुद्दा कळावा.

पायरी ६ : तक्रार कुणाकडे जाते ते आधी ठरवा

दोन वाटा आहेत आणि त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

*पहिली वाट, एनबीडीएसए.* वाहिन्यांच्या न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन (एनबीडीए) या संघटनेने नेमलेलं हे स्वतंत्र प्राधिकरण आहे. ते संघटनेच्या सदस्य वाहिन्यांपुरतंच चालतं, म्हणून आधी संकेतस्थळावरची सदस्य यादी पाहा. इथला क्रम असा:

१. प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी तक्रार.
२. वाहिनीने ७ दिवसांत उत्तर द्यायचं.
३. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत प्राधिकरणाकडे. उत्तर आलंच नाही तर वाहिनीची मुदत संपल्यापासून दिवस मोजा.

म्हणजे १ तारखेच्या कार्यक्रमाची तक्रार ५ तारखेपर्यंत पाठवून मोकळे व्हा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात आणि ईमेल परत आला तर पुन्हा पाठवायला दिवस उरत नाही.

*दुसरी वाट, केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम.* १७ जून २०२१ च्या दुरुस्तीने तीन टप्पे आले. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील, त्या संस्थेला ६० दिवस. तरीही नाही पटलं तर १५ दिवसांत केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे. इथे आधार असतो तो कार्यक्रम संहितेचा, म्हणजे नियम ६ चा. जाणूनबुजून केलेलं खोटं सूचन आणि अर्धसत्य त्यात स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे.

एनबीएफ ही वाहिन्यांची दुसरी संघटना आहे आणि तिची स्वनियामक संस्था वेगळी आहे. मराठी वाहिन्या या दोन्हींत विभागलेल्या आहेत, काही कशातच नाहीत. वाहिनी कुठल्याच संघटनेची सदस्य नसेल तर दुसऱ्या वाटेने जा.

दूरदर्शन सह्याद्रीबद्दल तक्रार असेल तर ती प्रसार भारतीकडे किंवा केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर. गावातल्या केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीबद्दल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीकडे. निवडणूक काळात बातमीच्या वेषातली जाहिरात, म्हणजे पेड न्यूज वाटत असेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लगेच द्या, मतदान होऊन गेल्यावर नको.

*इशारा:* त्याच विषयावर न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर एनबीडीएसए तक्रार हाती घेत नाही. आधी पोलिसांत धाव घ्यायची की हा मार्ग धरायचा, हे विचारपूर्वक ठरवा.

पायरी ७ : मजकूर

एक पान पुरे. नाव, पत्ता, संपर्क खरा द्या, निनावी तक्रार कुणी घेत नाही. नमुना असा:

‘विषय: (तारीख) रोजी (वेळ) ला प्रसारित (कार्यक्रम) मधील दिशाभूल करणाऱ्या संपादनाबाबत.

महोदय, या कार्यक्रमात ८:१४:२० ते ८:१४:३५ या वेळात (व्यक्ती) यांचं विधान दाखवण्यात आलं. मूळ विधानातील “…” हे शब्द गाळले आहेत. त्यामुळे विधानाचा अर्थ … असा झाला. मूळ अर्थ … असा होता. त्याच वेळी पट्टीवर “…” असा मजकूर होता. तुलनात्मक तक्ता व दोन्ही चित्रणं जोडली आहेत.

यामुळे एनबीडीएच्या आचारसंहितेतील अचूकता व निष्पक्षता यासंबंधीच्या तत्त्वांचा भंग झाला आहे. मागणी: १) त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला दुरुस्ती व दिलगिरी, २) सर्व डिजिटल माध्यमांवरून हा भाग काढणं.’

मागणी लिहायला विसरू नका. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढंच लिहिलं की ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. विशेषणं काढून टाका. ‘गोदी’, ‘देशद्रोही’, ‘दलाल’ हे शब्द दिसले की वाचणारा तक्ता उघडतच नाही. एका तक्रारीत एकच कार्यक्रम घ्या. पाच कार्यक्रम एकत्र बांधले तर त्यातला सर्वांत कमजोर निवडून त्याचंच उत्तर दिलं जातं.

पायरी ८ : पाठवणं आणि पाठपुरावा

वाहिनीच्या संकेतस्थळाच्या तळाशी ‘तक्रार निवारण’ किंवा ‘ग्रीव्हन्स’ असा दुवा असतो. तिथे दिलेल्या अधिकाऱ्याच्याच ईमेलवर पाठवा. बातमीदाराला, अँकरला किंवा जाहिरात विभागाला पाठवलेला ईमेल मुदतीच्या हिशोबात धरला जाईलच असं नाही. व्हिडिओ जड असेल तर ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या आणि ती लिंक दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडते का, ते तपासा. परवानगी न दिलेली लिंक पाठवल्याने कितीतरी चांगल्या तक्रारी रखडतात.

पाठवल्याच दिवशी कॅलेंडरवर पुढच्या दोन्ही तारखा घाला: वाहिनीच्या उत्तराची मुदत आणि पुढच्या टप्प्याकडे जाण्याची मुदत. वाहिनीचं उत्तर आलं की त्यातला प्रत्येक मुद्दा वेगळा काढून त्याखाली तुमचं म्हणणं लिहा आणि तेच पुढच्या टप्प्यावर जोडा. नवे आरोप तिथे घुसडू नका.

दरम्यान समाजमाध्यमांवर काय करायचं

वादग्रस्त क्लिप एकटी पुन्हा टाकू नका. तुम्ही निषेधाने टाकली तरी ती पसरतेच. मूळ चित्रण आधी, कापलेला भाग नंतर, दोन्हींवर वेळ, असा जोड टाका. टीकेसाठी थोडका भाग वापरायला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे, अख्खा कार्यक्रम टाकायला नाही. आणि ‘पैसे घेऊन केलं’ असं पुराव्याशिवाय लिहू नका. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तुमच्यावरही दाखल होऊ शकतो. आपल्या पक्षाच्या सोयीची कापलेली क्लिप आली तरी हीच शिस्त पाळा. एप्रिल २०२४ मध्ये अमित शहा यांच्या तेलंगणातल्या जुन्या भाषणात फेरफार केलेली आरक्षणाबद्दलची क्लिप फिरली, तेव्हा ती पुढे पाठवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

किती वेळ लागतो, काय मिळतं

शेतकरी आंदोलनाला खलिस्तानशी जोडणाऱ्या जानेवारी २०२१ च्या कार्यक्रमांचे व्हिडिओ काढण्याचा आदेश झी न्यूजला एनबीडीएसएकडून नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘लव्ह जिहाद’वरच्या कार्यक्रमांसाठी टाइम्स नाउ नवभारतला १ लाख आणि न्यूज१८ इंडियाला ५० हजार रुपये दंड झाला, व्हिडिओही काढायला लावले. दंडाची रक्कम वाहिनीच्या उत्पन्नापुढे काहीच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १ लाखाचा दंड परिणामकारक नसल्याचं म्हटलं होतं. मला स्वतःला दंडापेक्षा व्हिडिओ काढायला लावणं महत्त्वाचं वाटतं. टीव्हीवरचा कार्यक्रम एका रात्रीत संपतो, यूट्यूबवरचा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उगाळला जातो.

म्हणून आदेश तुमच्या बाजूने लागला तर त्यात दिलेली मुदत संपल्यावर लिंक उघडून बघा. तोच भाग वाहिनीच्या फेसबुक, इन्स्टाग्राम, ॲप आणि संकेतस्थळावर, शॉर्ट्सच्या तुकड्यांत किंवा दुसऱ्या शीर्षकाखाली अजून असेल, तर लिंक आणि स्क्रीनशॉटसह प्राधिकरणाला त्याच तक्रारीच्या क्रमांकावर पुन्हा कळवा.